टेबलाखाली

अकरा वर्षं मी रोझलिंड थर्टलच्या टेबलाखाली बसलो.
नोकरीच तशी होती. दर गुरुवारी, चार वीसला,
नॉरिचच्या स्टुडिओत लाल दिवा लागला
की माझा उजवा हात बगळा व्हायचा.
मनगटाचं डोकं, बोटांची चोच, कोपरापर्यंत मान.
बाकीचा मी कुणाला नको होतो.
नाव त्याचं हार्न्सर. इथली जुनी माणसं
बगळ्याला तसंच म्हणतात, तिनेच सांगितलं,
म्हणजे टेबलाला सांगितलं.

वर ती पुठ्ठा कापायची, डिंक लावायची,
लोस्टॉफ्टच्या कुठल्याशा मुलीचं कासव मेलं
तर सगळ्या पोरांची एकदम समजूत काढायची.
खाली बूट काढून ठेवलेले.
आवाज हसत असताना
पायांची बोटं गालिच्यात रुतलेली मी पाहिलीत.
कुणाला बोललो नाही.

कार्टून लागलं की तीन मिनिटं मोकळी.
तेवढ्यात ती मांडीवर वही घेऊन लिहायची,
दिवा लागताना खाली सरकवायची: धर.
म्हणजे बघा, डाव्या हातात तिची कादंबरी
आणि उजव्याने मी पोरं हसवतोय.
एकदा उघडली. उजेड कमी, अक्षर घाईचं.
एवढं लागलं की बीटाच्या कारखान्यामागे
एक बाई नवऱ्याचे बूट जाळतेय
आणि नवरा कुठे आहे ते लिहिलेलं नाही.
त्या गुरुवारी बगळा चोच मिटायची विसरला.

शेवटी नावं सरकायची. माझं यायचं एम. केल्सकर,
पापणी लवली तर तेही नाही.
मी एकदा तिच्या वहीच्या मागच्या पानावर
ळ काढून दाखवला.
ती म्हणाली, हा तर झोपलेला माणूस आहे.

सत्त्याऐंशीत वरच्या मजल्यावरून निरोप आला:
मुलांना ताजा चेहरा हवा.
ती तेव्हा एकेचाळीस.
बगळा मात्र ठेवला. मीही राहिलो.
घराचे हप्ते होते, असं मी स्वतःला सांगितलं,
अजूनही सांगतो.
नवा पोरगा बूट घालूनच बसायचा.

पहिली कादंबरी सात ठिकाणांहून परत आली.
आठव्याला मुखपृष्ठावर बगळा पाहिजे होता,
ती नको म्हणाली. नवव्याने छापली.
पेपरात मथळा: बगळेवाल्या बाईंच्या हाती कुऱ्हाड.
तिसरीपर्यंत लोक तसंच म्हणत राहिले,
मग दमले.
मी सगळ्या वाचल्या. पहिल्या दोन डिक्शनरी घेऊन.
स्वतःला शोधत होतो, खोटं कशाला बोलू.
पाचवीत सापडला एकजण, जिन्याखाली राहणारा,
घरातल्या सगळ्यांना पावलांवरून ओळखणारा.
तीन पानांत मरतो.
चांगला मरतो.

यंदा मार्चमध्ये ती लायब्ररीत सह्या करायला आली.
रांगेत पन्नाशीची पोरं, टक्कल पडलेली,
सहावी कादंबरी काखेत, आणि विचारतात काय,
हार्न्सर कुठे असतो हल्ली?
दलदलीत, ती म्हणायची, मजेत आहे. आणि सही.
पुढचा. मजेत आहे. सही.

मी पहिल्यांदा तिला इतका वेळ वरून पाहत होतो.
भांग विरळ झालाय.
टेबलाला झालर होती, खालचं दिसत नव्हतं.
तिने मान वर केली, नाव विचारलं नाही.
कोपर कसंय, म्हणाली.
पावसात दुखतं, मी म्हणालो. इथे म्हणजे रोजच.
तिने लिहायला घेतलं, मुरलीधर के,
मग थोडी जागा सोडली, मग सकर,
आणि पेन उलटं करून माझ्या हातात दिलं.

हात थरथरतो आता. ळ जरा कुशीवर वळलेला आला.
मागची बाई घाईत होती. छातीशी धरलेलं
ख्रिसमसचं जुनं वार्षिक, कोपरे कुरतडलेले,
कव्हरवर माझी मान.
ती म्हणाली, सरकता का जरा?